बाजीरावांची काळी चार

हँडबिल गुलाबी होतं आणि त्यावर बाजीरावभाऊंचा तीस वर्षांपूर्वीचा फोटो होता. बयाबाईला अक्षर जुळवायला वेळ लागायचा, पण मिशा ओळखायला नाही.

"ह्यो तर मिशा काळ्या असतानाचा," ती म्हणाली. पाचशे हँडबिलांचा गठ्ठा तिनं पेटीवर ठेवला आणि परत परातीपाशी जाऊन बसली. रविवार होता, घर माणसांनी भरलं होतं, आणि सून लोणावळ्याच्या रिसॉर्टवर पाहुण्यांच्या चादरी बदलायला गेली होती. रविवारची सुट्टी असते ती चादरी चुरगाळणाऱ्यांना. म्हणून दुखणारे गुडघे घेऊन भाकरी बयाबाईच थापत होती.

यशोधरा सकाळीच सहा सीटरनं कार्ल्यात उतरली होती. कामशेतच्या शाळेत मुख्याध्यापिका झाल्यापासून ही थोरली लेक घरातसुद्धा प्रार्थनेच्या आवाजात बोलायची. तिनं वरचं हँडबिल उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"रानवारा हौशी नाट्य मंडळ, कार्ले, सादर करीत आहे, संगीत धरणाकाठची सोयरीक. प्रमुख भूमिका, मावळभूषण बाजीरावभाऊ. संगीत दिग्दर्शन, मावळभूषण बाजीरावभाऊ." ती थांबली. "पेटीची साथ, रखमाजी आणि कुमारी कोमल. आबा, तुम्ही हे पाहिलंत?"

"बघितलं," रखमाजी म्हणाला. तो भिंतीला टेकून बसला होता आणि उजवा हात त्यानं मांडीखाली दाबून धरला होता. दिवाळीपासून तो हात थरथरायचा. कुणी बघू नये म्हणून मांडीखाली ठेवायचा.

"मग?"

"कागद बरा हाय."

"कागद बरा आहे!" यशोधरानं भावाकडं पाहिलं. "ऐकलंस सत्यम? अकरा नाटकं. बेचाळीस पदं. सगळ्या चाली या माणसाच्या. रेल्वेच्या शेडमध्ये दिवसभर बोगी ठोकायची आणि सुटल्यावर तालमीला जाऊन त्या बेसुऱ्यांना सुरात आणायचं. अडतीस वर्षं. आणि नाव कुणाचं?"

"अक्का, तू दर वर्षी हेच बोलतेस," सत्यम म्हणाला. "आणि दर वर्षी पहिल्या रांगेत बसून टाळ्याही वाजवतेस."

"मी आबांच्या पेटीला वाजवते."

"पेटी दिसते कुठं तुला? ती असते विंगेत."

ते खरं होतं. गावोगावच्या नाटकात पेटीवाला रंगमंचासमोर, लोकांच्या डोळ्यांपुढं बसतो. रानवाऱ्यात पेटी विंगेत. बाजीरावच्या बापानं जयंतीच्या मिरवणुकीत रखमाजीची पेटी ऐकली, दुसऱ्या दिवशी माणूस धाडून बोलावून घेतलं, आणि पाट मांडला तो पडद्याआड. का, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. या भागात जात सांगत नाहीत, बसायची जागा दाखवतात. बाप मेला, पाटाची प्लास्टिकची खुर्ची झाली, विंग तीच राहिली.

सत्यमची पोर कोमल उंबऱ्यात बसून हँडबिलाचा फोटो काढत होती. लोणावळ्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. उद्या संध्याकाळी लोणावळ्यातल्या प्रयोगाला आबांच्या जागी तीच पेटीला बसणार होती. आबांचा हा शेवटचा प्रयोग, तोही नुसता शेजारी बसून.

"मी नाही वाजवणार," ती म्हणाली. "स्पष्ट सांगते. माझं नाव आहे त्यावर, पण आबांच्या नावापुढं 'साथ' लिहिलंय. मग मी काय, साथीची साथ?"

"तू वाजवणार," रखमाजी म्हणाला.

"का?"

"प्रयोग उद्या हाय. नाटक काय त्याच्या बापाचं न्हाई."

"त्याच्या बापाचंच आहे, आबा. खाली लिहिलंय, संस्थापक."

सत्यम हसला. यशोधरा हसली नाही. बयाबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. तिला वाटलं, आता बोलावं का नको. मग बोललीच.

"ह्यांनी मागितलं हुतं."

"काय मागितलं?" यशोधरानं विचारलं.

"अगं, गप," रखमाजी म्हणाला.

"का गप? मागल्या म्हैन्यात ह्ये सोता गेलते त्येंच्या वाड्यावर. बोलले, भाऊ, हात गेला माजा, ह्यो शेवटचा खेळ, ह्या बारीला माजं नाव टाका. अडतीस वर्सांत पयल्यांदा तोंड उघाडलं. त्यो काय बोल्ला ठावं हाय का? बघू की, त्यात काय एवढं." तिनं भाकरी उलटली. "आता बघितलं. ह्ये त्येचं बघणं."

यशोधरानं चष्मा काढून पदरानं पुसला. बापानं कधी काही मागितलं नाही, याचा तिला पन्नास वर्षं अभिमान होता. त्या अभिमानाच्या जोरावर तिनं कितीतरी भाषणं ठोकली होती. आता बाप मागायला गेला होता आणि हात हलवत परत आला होता.

सत्यम कोपऱ्यातला तबला ठीकठाक करत होता. रानवाऱ्याचा जुना तबलजी दत्तोबा गेल्या साली वारला, त्याच्या जागी यंदा तो होता. विषय बदलायचा म्हणून त्यानं विचारलं, "आबा, एक कळेना. भाऊ काळी चारला गातात ना?"

"सगळा तालुका जाणतो," यशोधरा म्हणाली. "लग्नाच्या पत्रिकेत छापायचं तेवढं राहिलंय. सदुसष्टाव्या वर्षी काळी चारला गातो म्हणून छाती काढून फिरतो."

"मग मला तबला पांढरी तीनला उतरवून लावायला का सांगितला?"

रखमाजीनं पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. बयाबाईला त्याची दया आली आणि रागही आला, आणि तिच्या बाबतीत ही दोन्ही एकदम आली की तोंड सुटायचं.

"कारन भाऊंचा आवाज ह्यांनी आठ वर्सं झाली खाली उतरवून ठिवलाय. पेटीला खटका हाय. दाबला की सगळी पट्टी सरकती. बोटं काळी चारवर, आवाज पांढरी तीनचा. त्यो मेला येतो, बोटाकडं बघतो, आन् खूस हुऊन गातो. दोगांनाच ठावं हुतं. ह्यांना, आन् दत्तोबाला. दत्तोबा गेला."

"तुला कुणी सांगितलं?" रखमाजीनं विचारलं.

"मला कान हाईत."

कोमल उठून पेटीपाशी आली. हँडबिलांचा गठ्ठा तिनं खाली ढकलला, झाकण उघडलं, खटका दाबून पट्टी सरकवली. डावीकडं चार घरं, खाली. परत उजवीकडं चार घरं, वर. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते बघून बयाबाईला आपली सासू आठवली, जी पाटलाच्या बैलाला मुद्दाम पांगळ्या म्हणून हाक मारायची.

"आबा, तुम्ही काय भारी माणूस आहात," कोमल म्हणाली. "उद्या मी हा वर ठेवते. खरी काळी चार. गा म्हणावं, मावळभूषण."

"ठेव," यशोधरा म्हणाली. "अख्ख्या थिएटरसमोर."

"अजिबात नाही," सत्यम म्हणाला.

"का? घाबरलास?"

"अक्का, डोकं चालव. भाऊ फाटले तर लोक काय म्हणतील? भाऊंचा आवाज गेला? नाही म्हणणार. म्हणतील, रखमाजीच्या नातीला पेटी येत नाही. पहिल्याच प्रयोगात पोरीनं माती केली म्हणतील. आपल्यावरच येणार ते."

यशोधराला भावाचं पटलं होतं, ते कबूल करायचं नव्हतं.

"कुणीबी काय ठेवणार न्हाई," रखमाजी म्हणाला. मघापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज तालमीतल्या आवाजासारखा झाला. "गाणारा पडला की पेटीवाला मेला. मंग त्यो गाणारा कसाबी असू दे. हरामखोर असला तरीबी. त्येला उचलून धरायचा. त्येच्यासाठीच पेटी असती."

"आणि पेटीवाल्याला कोण उचलतं, आबा?" कोमलनं विचारलं.

उत्तर यायच्या आत बाहेर बोलेरो थांबली.

बाजीरावभाऊ एकटेच आले होते. पांढरा नेहरू शर्ट, गळ्यात मफलर, आणि चालणं असं की दारसुद्धा त्यांना बघून जरा रुंद व्हावं. आत येताना ते चप्पल काढायचे. बापानं या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. भाऊ ओलांडायचे, चहा प्यायचे, आणि आपण किती सुधारलोय ते दुसऱ्या दिवशी चावडीवर सांगायचे.

"वैनी, च्या टाका," ते म्हणाले. "रखमा, पोरीचा हात बघाय आलोय. उद्या ऐन वक्ताला घोळ नगं. बस गं पोरी पेटीला. आपलं ते रुसव्याचं पद घिऊ."

रखमाजीनं कोमलकडं बघितलं. ती खाली बघून भाता सोडत होती. सत्यम तबल्यापाशी बसला, हातोडी घेतली आणि दोन ठोके देऊन थांबला. कुठल्या पट्टीला लावायचा तेच त्याला कळेना.

"तबला ऱ्हाऊ दे," भाऊ म्हणाले. "नुसता सूर धर. काळी चार."

कोमलनं काळी चार धरली. खटका वरच होता. तो तिनं मघाशी वर सरकवला होता आणि परत खाली नेला नव्हता. बयाबाईनं ते बघितलं होतं. मनात आणलं असतं तर ती एक शब्द बोलू शकली असती. तिनं चहात साखर टाकली.

भाऊंनी डोळे मिटून मफलर सोडला.

"सखे, रुसवा सोड गं, चांदणं सरून जाई…"

पहिली ओळ कशीबशी निभावली. दुसरीत गळ्याच्या शिरा वर आल्या. अंतऱ्याला आवाज वर चढायला गेला आणि मधेच ओल्या सरपणासारखा चिरकला. भाऊंनी डोळे उघडून बोटांकडं बघितलं. बोटं बरोबर होती.

"घाटात गार वारं लय हुतं काल," ते म्हणाले. "पुन्ना घे."

पुन्हा घेतलं. पुन्हा तिथंच चिरकलं, यावेळी कोंबडीसारखं. भाऊंच्या कपाळावर घाम आला. यशोधरा सकाळपासून याच क्षणासाठी आल्यासारखी बसली होती, पण आता तिला बघवेना. म्हातारा माणूस तोंड उघडं टाकून उभा होता आणि त्याला आपल्या अंगात काय मोडलं तेच कळत नव्हतं.

रखमाजी उठला. मांडीखालचा हात बाहेर काढला. सगळ्यांसमोर तो हात लटपटत पेटीकडं गेला, खटका दाबला, आणि पट्टी चार घरं खाली सरकवली.

"आता म्हणा, भाऊ."

भाऊ गायले. आवाज भरून आला, अंतरा गेला, वरचा सूर लागला आणि थांबला. पद चांगलं झालं. संपल्यावर भाऊ हळूच खाली बसले, चटईवर, रखमाजीच्या शेजारी.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या बायपासपासनं."

"आठ वर्सं?"

"व्हय."

"दत्तोबाला ठावं हुतं?"

"तबला त्योच उतरवायचा."

भाऊंनी मफलर मांडीवर घेऊन त्याची घडी घातली, मोडली, परत घातली. "म्हंजे मी पांढरी तीनचा," ते म्हणाले. "आन् गावभर काळी चार, काळी चार करत फिरतोय. आन् तू भाड्या हसत असशील."

"हसलो न्हाई कवा."

"हसला असतास तर बरं झालं असतं रं."

यशोधरानं हँडबिल त्यांच्यासमोर धरलं. तिचा प्रार्थनेचा आवाज कुठंतरी गेला होता. "भाऊ, उद्या ही पोर खटका खालीच ठेवेल. आबांचा शब्द आहे तो. पण हे नाव बदला. इतकंच."

भाऊंनी हँडबिल हातात घेतलं. आपल्याच फोटोकडं बघितलं. "प्रेस आज बंद हाय," ते म्हणाले.

"पेन आहे," कोमल म्हणाली.

भाऊंनी खिशातलं स्वतःचं पेन काढलं. 'संगीत दिग्दर्शन'पुढचं मावळभूषण बाजीरावभाऊ त्यांनी खोडलं आणि वर लिहिलं, रखमाजी. अक्षर ठसठशीत होतं, सह्या करून करून झालेलं. "झालं? पाचशेच्या पाचशे लिव्हा. माजी ना न्हाई. आन् ह्या रुसव्याच्या पदावर तर सोन्यानं लिव्हाय पायजे, रखमा. ह्या एका चालीवर तीन बक्षिसं घेतली मी. वन्समोर न्हाई असा खेळ न्हाई झाला. काय चाल बांधली हाईस. कुटनं सुचली रं तुला?"

"त्या पदावर न्हाई," बयाबाई म्हणाली.

सगळ्यांनी मान वळवली. ती परातीपाशीच होती, कोपरापर्यंत पीठ.

"त्या पदावर ह्यांचं नाव न्हाई लिव्हायचं. ती चाल माजी हाय."

रखमाजीचा हात परत मांडीखाली गेला.

"आई, काय बोलतेस?" यशोधरा म्हणाली.

"मराठीच बोलतीया. ह्यांना रानवाऱ्यात जाऊन दुसरं साल. भाऊंच्याच खाचरात आवणीला गेलते. भाताची रोपं लावत हुते आन् म्हनत हुते. ह्ये बांधावर भाकर खात बसले हुते. खाता खाता ऐकलं, आन् म्हैन्यानं नाटकात तीच चाल. सबुद तेवढे नाटक लिवणाऱ्या पोस्टमास्तरांनी बदलले. माजी रोपं गेली, तितं सखी आली."

"आबा?" कोमलनं विचारलं. "खरंय?"

रखमाजीनं घसा साफ केला. "मी तिला तालात बसवली."

"तालात?" बयाबाई म्हणाली. "मी काय बेताल गात हुते? बारा बाया एका वळीनं रोपं लावत हुत्या माज्या गान्यावर. एकीचाबी हात मागं पडला न्हाई. तुमच्या नाटकात चार माणसं एका टायमाला पायऱ्या उतरत न्हाईत."

भाऊ हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, सत्यमनं पाणी दिलं, ते प्याले आणि परत हसले. "रखमा," ते म्हणाले, "तूबी माज्याच माळेतला मणी निगालास की रं."

अडतीस वर्षांत या माणसानं रखमाजीला पुष्कळ काही ऐकवलं होतं. हे सगळ्यात जास्त लागलं. बयाबाईला ते दिसलं. तिला वाईट वाटलं, पण बोललेलं परत घ्यावं इतकं नाही.

"तू कधी बोलली नाहीस, आई," यशोधरा म्हणाली.

"तुमी कवा इचारलं? सकाळपासनं आबांचं नाव, आबांचं नाव. तीस वर्सं त्येच चाललंय घरात. मी म्हनलं, आदी त्येंचं तर मिळू द्या."

कोमलनं भाता परत सोडला. "आजी, म्हण."

"काय म्हनू?"

"तुझं. रोपांचं."

"भाकरी करपंल."

"करपू दे."

बयाबाईनं तवा उतरवला. हात पुसले नाहीत, डोळे मिटले नाहीत, मफलर सोडायला तिच्याकडं नव्हताच. परातीकडं बघत म्हणाली.

"रोप माजं गं हिरवं, पान्यात उबं ऱ्हाई,
सासरी आलेल्या लेकीवानी मूळ धराया जागा पाही…"

कोमलची बोटं पट्टीवर सूर शोधत फिरली. मिळाला तेव्हा तिनं बापाकडं आणि मग भाऊंकडं बघितलं. "काळी पाच," ती म्हणाली.

"बायांची पट्टी येगळी असती," भाऊ म्हणाले.

"येगळी आसंल," बयाबाई म्हणाली. "पर माजी कुनाला सरकवावी लागली न्हाई."

यावर भाऊ हसले नाहीत. त्यांनी चहा संपवला, कपबशी स्वतः उचलून मोरीत ठेवली, दारात चपला घातल्या आणि वळले. "उद्या पेटी म्होरं घ्या," ते म्हणाले. "विंगेत नगं. लोकांना दिसू द्या कोन वाजवतंय त्ये." मग म्हणाले, "खटका तेवढा पदराआड असू दे, पोरी." बोलेरो निघून गेली.

गठ्ठा चटईवर पसरला होता. सत्यमनं दोन पेनं आणली, यशोधरानं पर्समधून तिसरं काढलं. रखमाजीनं कुणाला काही न विचारता मांडीखालून हात काढला, एक पेन घेतलं आणि एक गुलाबी हँडबिल समोर ओढलं. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. पदांच्या यादीत रुसव्याचं पद होतं, त्याच्यापुढं थोडी जागा होती. तिथं तो लिहायला लागला. रेल्वेच्या शेडमध्ये ज्या हातानं बोगीखालचे नट आवळले, तो हात एक काना सरळ काढेना. सत्यमनं लिहून देतो म्हणून हात पुढं केला. बापानं नुसतं बघितलं आणि सत्यमनं हात मागं घेतला.

पाचेक मिनिटांनी त्यानं कागद बयाबाईकडं सरकवला. तिनं तो पिठाच्या हातात धरला, उजेडाकडं नेला आणि बोट ठेवून अक्षर जुळवत गेली.

"चा… ल… ब… या… बा… ई."

परत एकदा वाचलं. मग कागद परत त्याच्यासमोर टाकला.

"अक्षर घान आलंय," ती म्हणाली. "म्होरलं नीट काढा. आजून चारशे नव्व्याण्णव हाईत."